दही लागेपर्यंत

चांगदेव साळवे यांनी बांधलेल्या खोलीत दही पाच वेळा मोडलं आणि एकदा लागलंच नाही. सातव्या वेळी लागलं. तोवर मार्च २००२ उजाडला होता आणि त्यांच्या पत्नी जानकाबाई अंथरुणाला खिळून पाच वर्षं चार महिने झाले होते.

ही खोली दोन चाकांवर होती. नऊ फूट लांब, पाच फूट रुंद. आत ताठ उभं राहिलं तर चांगदेवांचं डोकं छतापासून दोन बोटं खाली राहायचं. अँगलचा सांगाडा, बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, दोन्ही बाजूंना सरकत्या खिडक्या. लोखंडी खाट, साठ लिटरची पाण्याची टाकी, शेगडी, कोपऱ्यात पडद्याआड मध्ये भोक पाडलेली खुर्ची आणि तिच्याखाली बादली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, काचेशिवाय. काच टिकली नसती. जीपच्या मागे जोडायची आणि न्यायची. अशा गाड्या घेऊन हौशी लोक डोंगरात राहायला जातात, हे चांगदेवांनी कधीतरी टीव्हीवर पाहिलं होतं. त्यांना डोंगरात जायचं नव्हतं. डिंगोऱ्यातून कुठल्याही दिशेला पाहिलं तरी डोंगरच दिसतात. त्यांना साठेक किलोमीटरवरच्या अवसरी खुर्दला जायचं होतं आणि वाटेत जानकाबाईंना कळ येऊ द्यायची नव्हती.

डिंगोऱ्यात हमरस्त्याला लागून चांगदेवांचं वेल्डिंगचं दुकान होतं. खिडक्यांच्या जाळ्या, कांदा चाळींचे सांगाडे, तुटलेली अवजारं आणि मुख्य म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. घर दुकानाच्या मागे, चाळीस पावलांवर. दुकानात नोकर कधीच नव्हता. पत्रा धरायला, वेल्डिंगच्या कांड्या द्यायला जानकाबाई असायच्या. गॉगल एकच होता. ठिणगी उडाली की त्या तोंड फिरवायच्या. लग्न झाल्यापासून बावीस वर्षं दोघांनी असंच काम केलं. मुलगी यशोधरा लग्न होऊन कल्याणला गेली, त्यानंतर तर दिवसभर दोघंच.

नोव्हेंबर १९९६ मध्ये दुरुस्तीला आलेल्या एका ट्रॉलीत उभं राहून जानकाबाई पत्रा धरत होत्या. पत्रा ओढून घेण्यासाठी त्या एक पाऊल मागे सरकल्या आणि मागच्या उघडत्या फाळक्याला टेकल्या. फाळक्याला कडी नव्हती. ती चांगदेवांनी सकाळी कापून काढली होती आणि नवी बसवायची राहिली होती. जानकाबाई पाठीवर पडल्या, खाली ठोकायला ठेवलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता.

पुण्याला नेऊन आणलं. मणका दबला होता. ऑपरेशन केलं तरी बसता येईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. परतताना खेडच्या घाटात गाडीच्या धक्क्यांनी त्यांची शुद्ध हरपली. घरी खाटेवर ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "आता मला एकदम जाळायलाच न्या. मधी कुठं न्हेऊ नका."

तीन वर्षं कुठे नेलं नाही. सकाळी शेजारची एक बाई येऊन अंघोळ घालायची, केस विंचरायची आणि तासाभरात कामाला जायची. दुपारी चांगदेव येऊन जेवू घालायचे आणि परत जायचे. खाट मागच्या खोलीत होती. तिथून रस्ता दिसायचा नाही. दुकानातला आवाज तेवढा यायचा. ग्राइंडर कुठला, हातोडा कुठला, आज जाळी चाललीय की ट्रॉली, हे त्या पडल्या पडल्या ओळखायच्या. संध्याकाळी चांगदेव आले की सांगायच्या, "आज नांगराचा फाळ व्हता ना? लई येळ ठोकत व्हता."

"व्हय," चांगदेव म्हणायचे. मग हातपाय धुवायला जायचे.

१९९९ च्या दिवाळीच्या सुट्टीत यशोधरा येऊन गेली. ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी जेवताना जानकाबाई म्हणाल्या, "अवसरीला आक्काकडं चार दिस जाऊन यावं वाटतंय."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण बायडाबाई. नवरा वारल्यावर ती अवसरीत विद्यार्थ्यांची खानावळ चालवत होती. चांगदेवांनी भाकरीचा घास तसाच हातात धरला आणि विचारलं, "पडून जाता आलं तर?"

"पडूनच जाईन. बसता कुठं येतंय?"

जानकाबाई त्या विषयावर एवढंच बोलल्या. का जावंसं वाटतंय, हे चांगदेवांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते ओतूरच्या भंगारात गेले आणि एका टेम्पोचा मागचा एक्सल पाहून आले.

जीपमध्ये पाय लांब करून झोपता येत नाही. शिवाय अवसरीला पोचल्यावर उचलाउचल नको, खाट तीच हवी, शौचाची सोय तीच हवी. म्हणून गाडीऐवजी खोली. हा विचार बरोबर होता आणि तो त्यांनी एकट्यानं केला. बांधायला वर्ष गेलं. दिवसा गिऱ्हाइकाचं काम, संध्याकाळी खोलीचं. जानकाबाईंना आता संध्याकाळीही हातोडा ऐकू यायला लागला.

अडचण पाट्यांची होती. चाकाच्या वर जे वाकलेले पोलादी पाटे एकावर एक असतात, त्यांवर गाडी तोलते. चांगदेवांनी एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात असे बसवले. शेजारचे बागायतदार कुशाबा लोहोटे पाहायला आले तेव्हा त्यांनी वाकून मोजले.

"सात? बरं केलंस चांगदेवा. मजबुती पायजे. नऊ टाकले असते तरी चाललं असतं."

"सात बास की दादा. माणूस जायचंय, ऊस न्हाई."

"अरे पण रस्ता तर तोच हाय ना?"

या भागात ट्रॉली मोडली तर लोक वेल्डरला शिव्या देतात. ट्रॉली उडते म्हणून कुणी तक्रार घेऊन आलेलं चांगदेवांना आठवत नव्हतं. कांदे तक्रार करत नाहीत.

फेब्रुवारी २००१ मध्ये खोली तयार झाली. ओढायला हौशीरामची जीप होती. हौशीराम डिंगोरे ते आळेफाटा वडाप करायचा. जीपमध्ये नऊची जागा आणि चौदा माणसं. गाडी चालवून बघायची ठरली तेव्हा कुशाबा म्हणाले, रिकामी कशाला न्यायची, माझ्या अकरा गोण्या ओतूरला टाका. ट्रॉलीची परीक्षा माल भरूनच करायची, ही इथली रीत. खाट आत अजून बसवलेलीच नव्हती. कांदे भरले. चांगदेव गोण्यांवर बसले आणि हातात काठोकाठ पाणी भरलेला पेला घेतला. ओतूरला उतरले तेव्हा पेल्यातलं पाणी दोनच घोट कमी झालं होतं. एवढा चांगला रस्ता नव्हता तो. चांगदेव खूश झाले. घरी येऊन त्यांनी जानकाबाईंना पेला दाखवला.

दुसऱ्या दिवशी खाट बसवली. चार बायांनी जानकाबाईंना गोधडीत उचलून आत ठेवलं. घरापासून सातशे मीटरवर पहिली मोरी आहे. मोरीवरून जाताना हौशीरामला इंजिनाच्या आवाजातूनही मागची किंकाळी ऐकू आली. तिथून घरापर्यंत जीप पहिल्या गिअरमध्ये आणली. बाजूनं चालणारी माणसं पुढे निघून जात होती. चांगदेव खिडकीची कड धरून खोलीसोबत चालत होते.

जानकाबाईंना दोन दिवस कूस वळवता आली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुमी कांद्याची गाडी केलीत."

ते खरं होतं. चांगदेव खोली ओतूरच्या वजनकाट्यावर घेऊन गेले. रिकामी चारशे तीस किलो. अकरा गोण्या म्हणजे साडेपाचशेच्या वर. त्या वजनानं सात पाटे दबले होते, म्हणून गाडी गादीसारखी चालली. जानकाबाई एक्केचाळीस किलोच्या. त्यांच्या वजनानं, खाटेच्या, टाकीच्या वजनानं पाटे हललेच नाहीत. रस्त्याचा प्रत्येक खड्डा सरळ खाटेत आला. पंचवीस वर्षं ट्रॉल्या बांधलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. रिकामी ट्रॉली उडते, हे तर रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळतं, ते बाजूला होतं.

चार महिने जानकाबाईंनी खोलीचं नाव काढू दिलं नाही. जूनमध्ये त्यांनी आपणहून अट घातली.

"दूध तापवून इरजण लावा. पातेलं ठेवा तुमच्या त्या खोलीत. हौशीरामच्या मागं दोन फेऱ्या मारून आणा. दही लागलं, तर मी बसंन."

"आन् न्हाई लागलं तर?"

"तर कढी करा."

विरजण लावलेलं पातेलं हलवू नये, हे घराघरात ठाऊक असतं. हललं की दह्याला पाणी सुटतं, जास्त हललं की मोडून ताक होतं. डिंगोरे ते आळेफाटा जाऊन येऊन दोन फेऱ्यांना, माणसं चढताउतरताना धरून, सहा तास लागतात. दही लागायला तेवढेच लागतात. चांगदेवांच्या कोणत्याही मापात न बसणारी गोष्ट जानकाबाईंनी खाटेवर पडून मोजायला घेतली होती. शिवाय त्याच दुधातलं एक वाटीभर त्या घरी, खाटेखाली विरजून ठेवायच्या. ते कशाला, हे चांगदेवांना तेव्हा समजलं नाही.

पातेल्यासाठी त्यांनी फळीला गोल भोक पाडलं, त्यात ते घट्ट बसायचं. जानकाबाईंच्या वजनाएवढी वाळू गोणीत भरून खाटेवर ठेवली. स्वतः ते जीपमध्ये मागच्या काचेशी बसायचे आणि खोलीकडे पाहत राहायचे. हौशीरामच्या उतारूंना हा प्रकार पहिल्या दिवशीच कळला.

"पावणं, मागं काय न्हेता?"

"दही," हौशीराम परस्पर सांगायचा.

"एवढ्या मोठ्या गाडीत? किती मण?"

"एक पातेलं."

जीपमध्ये हशा व्हायचा. चांगदेव वळून पाहायचे नाहीत. वळले असते तर एखादा खड्डा हुकला असता.

जुलैत सातांचे तीन पाटे केले होते. पातेलं उघडलं तर ताक. पाटे मऊ झाले होते, पण खड्डा गेल्यावरही खोली तीन-चारदा खालीवर व्हायची, पाळणा ढकलून सोडावा तशी. भंगारातल्या एका मोटारीचे शॉकअप काढून तिरपे बसवले. डोलणं एकदाच होऊन थांबायला लागलं. पुन्हा ताक. चाकातली हवा निम्मी केली. कुशाबांनी लाथ मारून सांगितलं, "चाक बसलंय तुझं." चांगदेव म्हणाले, "बसवलंय." पुन्हा ताक, थोडं घट्ट. वेग वाढला की खोलीची शेपूट डावीउजवीकडे हलायची. एक्सल सहा इंच मागे घेतला तेव्हा पुढचं वजन जीपवर टेकलं आणि शेपूट थांबली. तरी ताकच.

प्रत्येक वेळी जानकाबाई पातेलं पोटावर ठेवून बघायच्या, बोट बुडवून चाखायच्या आणि म्हणायच्या, "बेसन डब्यात हाय." मग पलीकडच्या खोलीतून त्या सांगत राहायच्या, फोडणीला काय, बेसन किती, कधी ढवळायचं, मीठ किती. चांगदेव तसं करायचे. इतर दिवशी दोघांचं जितकं बोलणं व्हायचं, त्याहून त्या संध्याकाळी जास्त व्हायचं. हे त्यांच्या लक्षात आलं असेलही. ते सकाळी उठून पुन्हा खोलीखाली शिरायचे.

एकदा जानकाबाई म्हणाल्या, "माझ्यापरीस तिच्यापाशीच जास्त असता तुमी."

"तुझ्यासाठीच चाललंय."

"ते म्हाईत हाय," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

नोव्हेंबरात पाचवं पातेलं उघडताना चांगदेवांना एक गोष्ट दिसली. पाटे नीट होते, शॉकअप नीट होते, तरी दही मोडलं होतं. पण दह्याचे शिंतोडे झाकणाच्या फक्त दोन बाजूंना होते, पुढच्या आणि मागच्या. डाव्या-उजव्या बाजू कोरड्या. म्हणजे धक्का रस्त्यातून येत नव्हता. तो जीपकडून येत होता. जीप आणि खोली जोडणारी पिन एक इंचाची होती आणि ती ज्या कडीत जायची तिचं भोक दीड इंचाचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असंच असतं, कुणी त्याचा विचार करत नाही. हौशीराम ब्रेक लावायचा तेव्हा खोली अर्धा इंच पुढे येऊन जीपवर आदळायची. गाडी ओढली की अर्धा इंच मागे. दिवसातून शेकडो वेळा. चांगदेवांनी ट्रकच्या पाट्यातला रबरी बुश कडीत ठोकून बसवला आणि पिन त्यात घट्ट घातली. हातानं हलवून पाहिलं. काही हललं नाही.

जानेवारी २००२ मध्ये सहावं पातेलं नेलं. परत आल्यावर झाकण काढलं तर आत दूध. मोडलेलं नाही, शिंतोडे नाहीत, नुसतं दूध. चांगदेवांनी आठवडाभर सगळं खोलून पाहिलं. बुश काढला, पुन्हा बसवला. पाटे मोजले. शेवटी वैतागून त्यांनी जानकाबाईंना विचारलं, आता काय चुकलं असेल.

जानकाबाई हसायला लागल्या. पाठ दुखायची म्हणून त्या हसणं टाळायच्या. त्या दिवशी टाळता आलं नाही.

"अवो, थंडी केवढी हाय. थंडीत दही सा तासांत लागतंय व्हय? माझं वाटीतलं पण लागलं न्हवतं. त्याच दिशी."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तुमी इचारलं न्हाई. सरळ पान्हा घेऊन गेलात."

मार्चमध्ये ऊन वाढल्यावर सातवं पातेलं गेलं. त्या दिवशी आळेफाट्यावर एका पोलिसानं जीप थांबवली, खोलीभोवती फिरला, दार उघडून आत पाहिलं. खाटेवर वाळूची गोणी, फळीत पातेलं. "हे काय आहे?" त्यानं विचारलं. चांगदेव म्हणाले, "खोली हाय साहेब." पोलिसानं झाकण उचलू नये म्हणून ते दारात आडवे उभे राहिले. त्यानं उचललं नाही.

घरी आल्यावर जानकाबाईंनी पातेलं पोटावर घेतलं, तिरपं केलं. दही हललं नाही. वाटीतलं मागवून दोन्ही चाखलं.

"तुमचं जास्त आंबाट हाय," त्या म्हणाल्या. "पर लागलंय."

नऊ एप्रिलला सकाळी सात वाजता ते निघाले. चांगदेवांना आत, जानकाबाईंजवळ बसायचं होतं. दार लावताना त्यांच्या ध्यानात आलं की सगळा हिशेब एका माणसाच्या वजनाचा होता. वाळूची एकच गोणी होती. स्वतःचे बासष्ट किलो त्यांनी कधी धरलेच नव्हते. ते जीपमध्ये काचेशी बसले. खोलीतून जीपपर्यंत दोरी ओढून तिला सायकलची घंटी बांधली होती. कळ आली तर ओढायची. हौशीरामनं त्या दिवशी उतारू घेतले नाहीत, ताशी पंधराच्या वर गाडी नेली नाही आणि मागून येणाऱ्या सगळ्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या.

पहिली मोरी गेली. घंटी वाजली नाही. ओतूर गेलं, आळेफाटा गेला, नारायणगाव गेलं. कळंबच्या अलीकडे घंटी वाजली. चांगदेव जीप थांबायच्या आत उतरून पळाले.

"काय झालं? कुठं कळ आली?"

जानकाबाई कुशीवर वळून खिडकीतून बाहेर पाहत होत्या. रस्त्याकडेला मंडपाखाली लग्नाची पंगत बसली होती.

"काई न्हाई. जरा हळू घ्या म्हणावं. केवढी माणसं हायेत."

हौशीराम म्हणाला, "भाऊ, याच्याहून हळू म्हंजे उभी करावी लागंल." मग त्यानं खरंच पाच मिनिटं उभी केली.

दुपारी अवसरीत बायडाबाईंच्या दारात जीप थांबली. चांगदेवांनी दार उघडलं आणि आधी विचारलं, दुखलं का. जानकाबाई म्हणाल्या, नाही. बायडाबाईंनी बहिणीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मग खोलीभोवती एक चक्कर मारली. "दाजी, येवढं केलंत! आमच्या पोरींना वसतिगृहात बी असली खोली न्हाई वो."

पोरी म्हणजे जेवायला येणाऱ्या कॉलेजच्या मुली. दिवसातून दोनदा पंधरा-वीस यायच्या. पहिल्या दिवशी त्या खोलीच्या खिडकीतून डोकावल्या. दुसऱ्या दिवशी आत शिरल्या. खोलीत पाहुण्याला बसायला चांगदेवांनी एकच फळी केली होती, एका माणसाची. तिसऱ्या दिवशी बायडाबाई म्हणाल्या, खाट पडवीत आणा, इथं कुणाला बसताच येत नाही. खाट पडवीत गेली. मागोमाग भोकाची खुर्ची, टाकी, शेगडी. मेकॅनिकलची एक मुलगी खोलीखाली वाकून शॉकअप बघून आली आणि चांगदेवांना म्हणाली, "काका, हे गणित करून बसवलं का?" चांगदेव म्हणाले, "न्हाई, दह्यावर." ती हसली. चेष्टा करतायत असं तिला वाटलं.

चौदा एप्रिलला मिरवणूक पडवीसमोरून गेली. जानकाबाईंना उशा लावून थोडं उंच केलं होतं. ओळखीच्या बाया रांगेतून बाहेर येऊन भेटून जात होत्या. चांगदेव पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. अवसरीत त्यांना करायला काही नव्हतं. बायडाबाईंच्या दाराची बिजागरी त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली होती.

चार दिवसांचे बारा झाले. दुकान बंद होतं. बाराव्या दिवशी सकाळी बायडाबाई पडवीत भाजी निवडत असताना चांगदेव म्हणाले, "हौशीरामला फोन केलाय. उद्या येतोय. निघू."

जानकाबाई म्हणाल्या, "तुमी निघा."

"म्हंजे?"

"मी हितंच ऱ्हाते."

"आनखी किती दिस?"

"ऱ्हाते."

चांगदेव खाटेच्या कडेला बसले. मग त्यांनी विचारलं, "गाडीत दुखलं का? खरं सांग. येताना बोलली नसशील."

"गाडीत काई दुखलं न्हाई. पाळण्यात घालून आणल्यावानी आणलंत. आक्काला रोज सांगते मी."

"मग?"

"तुमी सगळं मोजता," जानकाबाई म्हणाल्या. "मोजा बरं. तिथं दिवसाकाठी किती माणसं बोलतेत माझ्याशी?"

चांगदेवांनी प्रामाणिकपणे मोजलं. "दोन."

"त्यातलं एक केस इंचरून जातंय. आन् दुसरं हातोडा घेऊन खोलीत जातंय."

बायडाबाई भाजी तशीच ठेवून आत गेल्या.

"तुमी बी ऱ्हावा हितं," जानकाबाई म्हणाल्या.

"दुकान हाय."

"व्हय. दुकान हाय."

चांगदेव उठून पडवीच्या खांबापाशी गेले. त्यांना भांडता आलं असतं, पण कशावर भांडायचं हे सुचलं नाही. गाडी चांगली झाली होती म्हणून जानकाबाई इथवर येऊ शकल्या होत्या. गाडी वाईट असती तर त्या डिंगोऱ्यातच राहिल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी हौशीराम दहाला आला. जानकाबाईंनी तेच पातेलं मागवलं, कोमट दूध ओतून घेतलं आणि पडल्या पडल्या स्वतःच्या हातानं विरजण लावलं. "घरी पोचेस्तवर व्हईल. सांजच्याला भाकरीसंगं खावा." चांगदेवांनी पातेलं खोलीत नेऊन फळीच्या भोकात बसवलं.

"भाऊ, मांडीवर घ्या की," हौशीराम म्हणाला. "आज कशाला मागं?"

"त्याची जागा तिथंच हाय," चांगदेव म्हणाले.

खोलीत आता फळी आणि पातेल्याखेरीज काही नव्हतं. खाट, टाकी, शेगडी, खुर्ची, जानकाबाई, मिळून अडीचशे किलो अवसरीत राहिले होते. मंचर सोडल्याबरोबर खोली उडायला लागली. तीन पाटे भरल्या खोलीसाठी ठेवलेले. रिकामीला तेही जास्त होते. काचेतून दिसत होतं, दोन्ही चाकं एकदमच रस्ता सोडत होती. घोड नदीच्या पुलाअलीकडे हौशीरामनं गाडी बाजूला घेतली.

"भाऊ, खाली वाळू हाय. दोन गोण्या टाकू आत. निदान दही तरी लागंल."

चांगदेवांनी वळून खोलीकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले. "रिकामी हाय. उडणारच. चल."

साडेतीनला डिंगोरे आलं. हौशीराम खोली सोडून पुढच्या फेरीला गेला. चांगदेवांनी दुकान उघडलं नाही. पातेलं घरात आणून ओट्यावर ठेवलं आणि झाकण उलटं करून पाहिलं. शिंतोडे चारी बाजूंना होते. आत ताक होतं.

त्यांनी घरातला स्टोव्ह पेटवला. कढी त्यांना येत होती. फोडणी कशाची, बेसन किती, ढवळायचं कधी थांबवायचं, हे आता कुणी सांगायची गरज नव्हती. मिठाचं प्रमाण मात्र पलीकडच्या खोलीतून दर वेळी यायचं, ते त्यांनी कधी लक्षात ठेवलं नव्हतं. त्यांनी डबा उघडला, चिमूट घेतली, थोडी परत टाकली, आणि अंदाजानं घातलं.